विजेता नायक, कैदी नायिका: याला प्रेमकथा म्हणायचं?

केतकीबन:
ग्रीक-रोमन वळणाच्या जगातली एक रोमँटिक फँटसी कादंबरी काल संपवली. देवळं, भविष्यवाण्या, समुद्रदेव, सगळं सुरेख. पण सेनापती नायिकेचं शहर जाळतो, तिच्या भावाला मारतो, लुटीबरोबर तिला तंबूत आणतो आणि पन्नासेक पानांत ती त्याच्यावर भाळते! मला हे पचलं नाही. ‘काळच तसा होता’ असं कृपया सांगू नका. त्या काळच्या कवींनी हे इतकं सोपं केलेलं नाही. होमरच्या इलियड या ग्रीक महाकाव्यातली ब्रिसेइस आठवा. तिच्या नवऱ्याला ग्रीक योद्धा अकिलीसनं मारलं, तिचे तीन सख्खे भाऊही लढाईत गेले, आणि ती त्याच अकिलीसच्या वाट्याला आली. होमर हे तिच्याच तोंडून सांगतो. आजच्या लेखकांना एवढी घाई कसली?

सांजवारा:
असहमत. प्रेमाची जागा होमरनंच ठेवलीय. पहिल्या सर्गात ग्रीकांचा सरसेनापती आगामेम्नॉन तिला अकिलीसकडून हिसकावतो; त्याचे दूत तिला न्यायला येतात, तेव्हा ती ‘नाखुशीनं’ निघते. नवव्या सर्गात अकिलीस म्हणतो, भाल्याच्या जोरावर मिळवलेली असली तरी माझं तिच्यावर मनापासून प्रेम होतं. तिच्या मनात काय होतं, ते फारसं कुणी विचारलं नाही. ते लिहायला कादंबरी नाही तर दुसरं काय आहे?

केतकीबन:
मग एकोणिसावा सर्गही घ्या. तिच्यावरून झालेल्या भांडणात आपली माणसं मेली, म्हणून हाच अकिलीस म्हणतो, शहर जिंकलं त्या दिवशीच आर्टेमिस देवीनं बाण मारून हिला संपवायला हवं होतं. आणि नाखुशीचं म्हणाल, तर एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाताना कोण खुशीनं पाऊल उचलेल?

पिंपळपार:
मला दोघांचंही थोडं पटतं. रोमन कवी ओव्हिडनं ब्रिसेइसच्या नावानं अकिलीसला एक पत्र लिहिलंय. पत्रावरचे डाग माझ्या आसवांचे आहेत, म्हणते. बायको म्हणून नको, कैदी म्हणून तरी सोबत ने, अशी विनवणी करते. सगळी माणसं गमावली, त्या सगळ्यांच्या जागी तू एकटा: माझा मालक तू, नवरा तू, भाऊही तूच. ज्यानं माणसं हिरावली त्यालाच ती भाऊ म्हणते! मला ते प्रेमच वाटतं, आणि वाचताना अंगावर काटाही येतो. रोमान्स जरूर लिहा, पण हा काटा काढून टाकू नका.

सांजवारा:
काटा ठेवा, मान्य. पण शेवट गोड हवा, यावर मी ठाम आहे. ब्रिसेइसला होमरनं तो दिला नाही. कुणीतरी द्यायलाच हवा, आणि फँटसीत तो देता येतो.

केतकीबन:
गोड शेवटाला माझी ना नाही. पण त्याआधी तिला रडू द्या. अकिलीसचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस, त्याच्या प्रेतावर ब्रिसेइस आक्रोश करते, कारण तिला दोन मायेचे शब्द त्यानंच दिले होते. अकिलीसशी तुझं रीतसर लग्न लावून देईन, असंही तो म्हणाला होता. तिच्या भोवतीच्या बायका तिच्याबरोबर रडतात. होमर सांगतो, निमित्त पॅट्रोक्लसचं, पण जी ती रडत होती आपापल्या दुःखासाठी. कालच्या कादंबरीतही तंबूत डझनभर कैदी बायका होत्या. त्यांतल्या एकीलाही नाव नव्हतं.