सांगलीहून एक दिवस जुन्या वस्तू बघायला जायचंय, कराड-सातारा बाजूला कुठं जावं?

हळदगाव:
नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीत राहतो. पुढच्या आठवड्यात मी, नवरा आणि मामंजी असे तिघं सकाळी गाडी काढून रात्रीपर्यंत परत यायचं असं ठरवतोय. मामंजींना जुन्या वस्तूंचं फार वेड, फिरकीचे तांबे, अडकित्ते, पानाचे डबे, आणि सगळ्यात जास्त म्हणजे कंदील. त्यांच्याकडं ओगल्यांचा प्रभाकर कंदील आहे, त्यांच्या वडिलांच्या वेळचा, रात्री उसाला पाणी पाजायला तोच घेऊन जायचे, आता त्याची काच फुटलीये आणि तेल ओतायच्या तोंडाचं झाकणही हरवलंय. ते कुठं मिळालं तर त्यांना खूप बरं वाटेल. पुण्याचा जुना बाजार माहितीये पण गुडघ्यांमुळं त्यांना तेवढी गर्दी नाही झेपत. मोठ्या अँटिक शोरूम नकोत, भाव आपल्या आवाक्याबाहेर असतात आणि वस्तू हातात घेऊन बघू देत नाहीत. छोट्या गावात कुठं बघायचं? आणि पितळेचं खरं जुनं कसं ओळखायचं हेही कुणी सांगा प्लीज.

कोयनाकाठ:
ताई, अँटिक असा बोर्ड शोधत फिरू नका, आपल्या भागातलं जुनं सामान मोडीत असतं. कराड, सातारा, वाई कुठंही जावा, जुन्या पेठेतल्या भांड्यांच्या दुकानात लोक घरातली तांब्या-पितळेची भांडी मोड म्हणून घालतात आणि स्टील नाहीतर नवी पितळी घेऊन जातात. ती मोड पोत्यात भरून मागं पडलेली असते आणि गाडी आली की वितळवायला जाते. तेवढ्या मधल्या दिवसांत जो पोचला त्याचं नशीब. दुकानात गेलं की आधी नवं काहीतरी छोटं घ्या, पळी म्हणा, निरांजन म्हणा, मग विचारा की मोड बघू का. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा लोक निवांत दाखवतात. वजनावर भाव ठरतो, मोडीचा जो दर चाललाय त्याच्यापेक्षा थोडं वर दिलं तर दुकानदाराचंही भलं होतं आणि वस्तू भट्टीतनं वाचते. मला घासाघीस करणाऱ्यांचा राग येतो खरं सांगायचं तर, तो माणूस आधीच वितळवायच्या भावात देत असतो.

ओळखायचं असं. भांड्याच्या आत हात फिरवा. तांबटानं ठोकून केलेलं असेल तर ठोके हाताला लागतात, आणि जुन्या हंड्या-घागरींना कडेला किंवा बुडाला दातेरी सांधा दिसतो, दोन पत्रे एकमेकांत दात अडकवून झाळलेले असतात. मशीनवरच्या भांड्याला आत गोल गोल रेषा असतात. दुसरं म्हणजे झीज बघा. वापरलेला तांब्या गळ्याला आणि बुडाला झिजतो, जिथं हात आणि जमीन लागते तिथंच. सगळीकडं सारखाच काळा-हिरवा रंग असेल तर तो केमिकल लावून आणलेला असतो. आणि ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली नावं वाचा हो, कुणाच्या लग्नात कुणी दिलं, गाव, साल सगळं असतं. माझ्याकडची सगळ्यात लाडकी वस्तू म्हणजे असंच नाव असलेलं घंगाळ.

कंदिलासाठी कंदीलच बरोबर न्या, फोटोवर भागत नाही. काचेची उंची आणि वरचं-खालचं तोंड, तिन्ही मापं जुळली तरच ती तारेच्या जाळीत बसते. आणि दुसरा मोडका कंदील सुट्या भागांसाठी घेणार असाल तर टाकीत पाणी भरून पाच मिनिटं कागदावर ठेवा, बूड गंजून पाझरतंय का ते लगेच कळतं. बाजूच्या दोन्ही नळ्या चेपलेल्या नसाव्यात, त्यांच्यातनंच ज्योतीला हवा मिळते.

चांदीचा_रुपया:
वर भांड्यांचं छान सांगितलंय, मी नाण्यांचं सांगतो कारण अशा ठिकाणी नाणी हमखास समोर येतात आणि म्हाताऱ्या माणसांना फसवलं जातं. एका बाजूला राम-सीता किंवा हनुमान आणि दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, साल 1616, 1717, 1818, असलं काही दाखवलं तर तिथनं उठा. कंपनीनं असली नाणी कधी पाडली नाहीत, ही अलीकडची टोकन आहेत, आणि त्यांची लाखोंची किंमत सांगणारे व्हिडिओ बघून लोक पैसे घालवतात. राणीचा, राजाचा रुपया घेणार असाल तर खिशात छोटा तराजू आणि लोहचुंबक ठेवा. रुपयाचं वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे एक तोळा. 1939 पर्यंतच्या रुपयात जवळपास 92 टक्के चांदी, 1940 ते 45 मध्ये निम्मीच, आणि 1947 चा रुपया निकेलचा, तो चुंबकाला चिकटतो. चांदीचा म्हणून दिलेला चिकटला तर बोलायलाच नको.

आणि एक कायद्याचं. 1972 चा पुरावशेष कायदा आहे, त्यात 100 वर्षांवरच्या वस्तू आणि 75 वर्षांवरची महत्त्वाची हस्तलिखितं येतात. जुनी दगडी किंवा धातूची मूर्ती कुणी गुपचूप दाखवत असेल तर हातही लावू नका. ती कुठल्यातरी गावच्या देवळातनं उचललेली असू शकते, त्या गावानं किती शोधली असेल याचा विचार करा. घरगुती तांब्या-कंदिलाला काही अडचण नाही, फक्त 100 वर्षांवरचं काही परदेशातल्या नातेवाइकांना पाठवायला जाऊ नका.

हळदगाव:
किती मनापासून लिहिलंत दोघांनी, थँक्यू. मामंजींना वाचून दाखवलं, ते आत्ताच कंदील पुसायला बसलेत. दातेरी सांधा आमच्या माळ्यावरच्या हंड्याला निघाला! आता रूट सांगा ना कुणीतरी, वाईपर्यंत गेलो तर फार दगदग होईल का?

यमाईचा_डोंगर:
सूनबाई, वाई यावेळी सोडा. मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा आणि तिथली वसईहून आणलेली 1707 सालची घंटा बघण्यासारखी आहे, पण त्यासाठी वेगळा दिवस काढा. तुमच्या मामंजींना कंदिलाचं वेड आहे तर त्यांना त्या कंदिलाच्याच गावी न्या की. सांगलीहून निघताना आधी किर्लोस्करवाडी, 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर नांगराचा कारखाना काढला ती जागा. त्या बाजूच्या गावांत अजून गोठ्यामागं जुने लोखंडी नांगर पडलेले दिसतात, बघायला मागितलं तर चहासुद्धा पाजतात. तिथनं कराड, आणि कराड म्हणजे पहिल्यांदा ओगलेवाडी, रेल्वेचं कराड स्टेशन तिथंच आहे. प्रभाकर कंदील आणि काचसामान तिथं बनायचं, आसपासच्या घरांतनं कारखान्यात काम केलेली माणसं होती, त्यांच्या मुला-नातवंडांकडं माळ्यावर काचा, झाकणं निघू शकतात. दुकानात विचारण्याआधी स्टेशनाजवळच्या चहाच्या टपरीवर कंदील टेबलावर ठेवून बसा. माणसं आपोआप जमतील, आणि मामंजींना जे ऐकायला मिळेल ते कुठल्या बाजारात मिळणार नाही.

मग कराडच्या पेठेत मोडीची दुकानं, आणि वेळ उरला तरच औंध. हे दोन्ही कारखाने औंधच्या ज्या राजांच्या, बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या आधारानं उभे राहिले त्यांचंच 1938 चं भवानी संग्रहालय तिथं डोंगरावर आहे, राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत. गाडी वरपर्यंत जाते, पण आत फिरणं बरंच आहे, तेव्हा गुडघ्याचा पट्टा आणि पाण्याची बाटली विसरू नका. निघायच्या आधी उघडं आहे का ते विचारून घ्या. आणि आठवड्यातला मधला वार धरा, पेठेतली दुकानं उघडी सापडतील. काच मिळाली तर इथं फोटो टाका, मलाही एक हवीये.