ड्रोन डूम म्हणजे फ्रिज? मग हे वाचाच

खर्जवेडा
परवाच्या ‘मेटलवाल्यांचं नवं ढोंग’ या लेखात सरळसोट यांनी ड्रोन डूमबद्दल, म्हणजे एकेक जड सूर ताणत ठेवणाऱ्या मेटलबद्दल, लिहिलंय की ‘सन’ हा बँड ऐकण्यापेक्षा घरचा फ्रिज ऐकावा, तो निदान पाणी तरी गार करतो. वाक्य झकास. खाली धपाधप +१ पडले. पण त्याच लेखात कबुलीही आहे: ‘मोबाईलवर चार मिनिटं ऐकून बंद केलं.’ मोबाईलवर! त्या चिमुकल्या स्पीकरमधून साठ हर्ट्झ बाहेर पडतच नाही. उसाचा रस टाकून नुसता फेस चाखलात आणि वर गोड नाही म्हणताय.

नोकरीनिमित्त नेदरलँड्समधल्या युट्रेख्तला होतो तेव्हा ‘सन’ला प्रत्यक्ष ऐकलं. दारातच कानात घालायचे बोळे वाटत होते. आत एवढा धूर की पुढच्याचं डोकं दिसेना. झगे घातलेली माणसं आली, एक सूर छेडला आणि सोडलाच नाही. सोडायची गरजच नसते; अँपमधून, म्हणजे गिटारच्या अँप्लिफायरमधून, येणारा आवाजच तारेला हलवत ठेवतो. पहिली वीस मिनिटं मी घड्याळ बघत होतो, खोटं कशाला बोलू. मग शर्टाची बटणं थरथरताना जाणवली. दोन पावलं डावीकडे सरकलो तर खर्ज गायब, परत उजवीकडे आलो तर थेट पोटात. चाळीस हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब असते, बंद सभागृहात ती कुठे साचते, कुठे विरते. दोन गिटारी सुरात केसभर इकडेतिकडे असल्या की त्यांच्यात हिंदोळा सुरू होतो, दोन-दोन सेकंदांचा एकेक झोका. त्या झोक्यावर श्वास कधी बसला कळलंच नाही. दीड तास झाला हे बाहेर आल्यावर समजलं. यात ढोंग कुठे आलं?

सरळसोट
चार नाही, साडेचार मिनिटं.
अहो, एवढ्या आवाजात काहीही अंगावर येतं. विसर्जनाला आमच्या गल्लीत डीजेची भिंत उभी राहते तेव्हा माझीही बटणं थरथरतात. समाधी लागत नाही, बीपीची गोळी लागते. आणि मला मेटल शिकवू नका, मी ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडवर वाढलोय. कारखान्यात त्यांच्या गिटारवाल्या आयोमीच्या बोटांची टोकं गेली, १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ अल्बमात त्याने तारा उतरवून ढिल्या केल्या, आवाज जड झाला. पण त्याने त्यातून गाणी केली! पाच मिनिटांत विषय आटपायचा. तुमचे हे लोक त्याचा एक सूर घेऊन तासभर पाट मांडून बसलेत.

आगाऊ आजी
डीजेचं नाव काढलंत म्हणून. नियम २००० सालचे आहेत, रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. आमच्या खिडकीची काच गेल्या गणपतीत तडकली. तक्रार केली तर वर मलाच विचारलं, ‘आजी, तुम्हाला देवाचं वावडं आहे का?’

भोपळा
खर्जवेडा, तुम्ही सातासमुद्रापार जाऊन जे ऐकलंत त्याला आमच्या मिरजेत जवारी म्हणतात. तंबोऱ्याच्या घोडीवर सुताचा धागा केसभर सरकवला की खर्जातून गंधार आपोआप बोलायला लागतो. आणि हे नातं ओढूनताणून लावलेलं नाही. किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ १९७० मध्ये अमेरिकेत गेले, तिथले संगीतकार ला माँट यंग आणि टेरी रायली त्यांचे शिष्य झाले. गवई अब्दुल करीम खाँसाहेब राहिले आमच्या मिरजेत, घराणं तेच. आता गंमत बघा. तिकडचे लोक एका सुरासाठी जुने ट्यूबचे अँप वाहून नेतात आणि आपले गवई व्यासपीठावर इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची प्लास्टिकची डबी ठेवून ‘सा’ लावतात!

अर्धा सूर
डबी ठेवणाऱ्यांपैकी मी एक. भोपळासाहेब, संध्याकाळी सातच्या लोकलने दादरहून डोंबिवलीला तंबोरा नेऊन दाखवा. मी नेलाय. भोपळ्याला तडा गेला आणि दुरुस्तीवाल्याने तीन महिने ‘पुढच्या आठवड्यात’ केलं. तेव्हापासून डबी.

भोपळा
तडा गेला म्हणजे गवसणी हलकी होती. डबीत तोच तुकडा गोल गोल फिरतो, खऱ्या तंबोऱ्याचे दोन झंकार कधी सारखे नसतात. पण कान तयार असेल तर कळणार ना.

अर्धा सूर
माझ्या गवसणीवर आणि कानावर जाऊ नका. बावीस वर्षं शिकतेय. तुमच्या त्या भारी तंबोऱ्याची किंमत ऐकून माझी विद्यार्थिनी गाणंच सोडायला निघाली होती. परंपरा टिकवायची तर हप्ते कोण भरणार, तुम्ही?

खर्जवेडा
अहो, धागा ड्रोन डूमचा आहे! तरी भोपळा यांचा धागा पुढे नेतो. ‘अर्थ’ या बँडचा डिलन कार्लसन यंगचं ऋण मान्य करतो. त्यांचा ‘अर्थ २’ हा अल्बम १९९३ चा, तीन तुकडे मिळून ७३ मिनिटं. ‘सन’ १९९८ मध्ये निघाला तो याच ‘अर्थ’च्या भक्तीतून, नाव अँपच्या ब्रँडचं. आणि सरळसोट, तुमच्या फ्रिजबद्दल: यंगने साठच्या दशकात घरातल्या कासवाच्या टाकीच्या मोटरची घरघर आधारस्वर धरून मैफली केल्या आहेत.

सरळसोट
मी फ्रिज म्हणालो, तुम्ही कासवाची टाकी पुराव्यासकट आणून दिलीत. एवढी मदत तर +१ वाल्यांनीही केली नव्हती. बाकी बँडचं नाव ‘अर्थ’ ठेवून गाण्यात तो न ठेवायची युक्ती आवडली.

आगाऊ आजी
कासवाचं काय झालं पुढे?

खर्जवेडा
आजी, नका ना! सरळसोट, एकदाच ‘अर्थ २’ बऱ्या स्पीकरवर शेवटपर्यंत ऐका. मग हव्या तेवढ्या शिव्या घाला, मी उत्तर देणार नाही.

सरळसोट
रविवारी ऐकला. मुलाचे मोठे स्पीकर, ७३ च्या ७३ मिनिटं. आवडला नाही. चाळिसाव्या मिनिटाला वैतागून कणीक मळून घेतली. शेजारच्यांनी बेल वाजवून विचारलं, टाकीचा पंप अडकलाय का. मात्र संपल्यावर घरात जी शांतता झाली त्यात फ्रिज ऐकू आला. बारा वर्षं आहे घरात, कधी लक्ष गेलं नव्हतं. पेटी काढून ताडून पाहिलं, पांढरी पाचच्या जरासा वर बोलतो. याला माघार समजू नये.

खर्जवेडा
वीज पन्नास हर्ट्झची, गुणगुण तिच्या दुप्पट, शंभरची. पेटीची पांढरी पाच अठ्ठ्याण्णव हर्ट्झ. कान तयार आहे तुमचा.

भोपळा
पेटीवर ताडलंत? पेटीवर??