काळ्या पडद्यावर चौकोन दिसतात – एन्कोडर फ्रेमचे तुकडे नेमके कशावरून पाडतो?

रंगमंच_कॅमेरा
मंडळी नमस्कार. आमच्या हौशी नाट्यसंस्थेच्या प्रयोगांचं शूटिंग मी करतो, १०८०पी, कॅमेरा ट्रायपॉडवर एकाच जागी, मागे काळा पडदा आणि पुढे स्पॉटमध्ये दोन-तीन नट. हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून एक्स२६५ या एन्कोडरने (व्हिडिओ दाबून लहान करणारा प्रोग्रॅम) एन्कोड केलं की चेहरे, कपडे छान येतात पण मागच्या पडद्यावर मोठमोठे चौकोन दिसतात आणि ते दर काही सेकंदांनी एकदम बदलतात, शांत प्रसंगात तर नटाऐवजी तिकडेच लक्ष जातं. एचइव्हीसी (म्हणजेच एच.२६५, एक्स२६५ ज्या पद्धतीने व्हिडिओ दाबतो ती) म्हणे कंटेंट बघून फ्रेमचे तुकडे पाडतं, सपाट जागी मोठे, बारकावे असतील तिथे लहान. म्हणजे त्याला चेहरा कुठला, पडदा कुठला हे कळतं का? आणि सीटीयू (तोडायला सुरुवात होते तो सगळ्यात मोठा चौकोन) ६४ पिक्सेलवरून १६ केला तर चौकोन दिसायचे थांबतील का? संस्थेकडे या प्रयोगांचं दुसरं काहीच रेकॉर्ड नाहीये, म्हणून नीट करायचंय.

लॅम्डा_४२
चेहरा, पडदा असलं काही त्याला कळत नाही. तो फक्त खर्च मोजतो. एका तुकड्यासाठी मूळ चित्रापासून किती फरक पडला आणि तो तुकडा लिहायला किती बिट लागले, या दोन्हींची एकत्र बेरीज (बिटांना लॅम्डा नावाच्या आकड्याने गुणून). मग तोच तुकडा चार भागांत तोडून चौघांचा मिळून खर्च काढायचा, कमी आला तर तोडायचं नाहीतर अख्खा ठेवायचा. हेच प्रत्येक पातळीवर. फरशी बसवणारा हॉलच्या मधोमध मोठी फरशी टाकतो आणि खांबापाशी आला की कापून लहान तुकडे बसवतो, तसं.

आधीच्या एच.२६४ पद्धतीत (२००३) सुरुवातच १६×१६ च्या मॅक्रोब्लॉकपासून व्हायची, म्हणजे १०८०पी च्या एका फ्रेमला ८१६० मॅक्रोब्लॉक. एचइव्हीसीत (२०१३) ६४×६४ चा सीटीयू आला, तेच काम ५१० मध्ये होतं, आणि प्रत्येक सीटीयू गरजेप्रमाणे ८×८ पर्यंत तुटतो. फक्त चार-चार भागांत तोडायचं म्हटलं तरी एका सीटीयूचे ८३,५२२ वेगवेगळे नकाशे होतात. पण सगळे करून बघायला लागत नाहीत, कारण खालून वर येत प्रत्येक ठिकाणी "अख्खा की चार" एवढंच ठरवायचं असतं, त्यामुळे ८५ तुकड्यांचा खर्च काढला की काम होतं, आणि फास्ट प्रीसेट (वेगासाठीची तयार सेटिंग) त्यातलेही बरेचसे न बघताच सोडून देतात.

आता महत्त्वाचं. हे जे "बारकावे तिथे लहान" म्हणतात ते मुख्यतः की-फ्रेमला, म्हणजे आधीच्या फ्रेमचा आधार न घेता पूर्ण लिहिलेल्या फ्रेमला लागू. त्यानंतरच्या फ्रेममध्ये प्रश्न असतो की आधीच्या फ्रेमवरून हा तुकडा उचलता येतो का. तुमच्याकडे नक्षीदार रंगवलेला सेट असेल तर की-फ्रेममध्ये तो बारीक तुकड्यांत जाईल पण पुढच्याच फ्रेममध्ये अख्खा ६४ चा ब्लॉक "जसा होता तसा" म्हणून निघून जाईल. उलट साधी पांढरी चादर, काही नक्षी नाही, पण वाऱ्याने हलतेय, तर तिथे घड्यांपाशी तुकडे पडत राहतील.

क्रोमा_सबसॅम्पल
वरचं बरोबर आहे, मी पडद्याबद्दल लिहिते. दादा, सीटीयू १६ करू नका. त्रास ब्लॉक मोठा असण्याचा नाहीये, त्या ब्लॉकमधला जो बारीकसा उतार आहे, काळा ते थोडा कमी काळा, तो क्वांटायझेशनमध्ये (बिट वाचवायला आकडे ढोबळ करतात त्या टप्प्यात) शून्य होतोय. मोठा ब्लॉक असो की लहान, तो उतार गेला की सपाट ठिगळच उरणार. सीटीयू १६ केलात तर शांत पडद्यासाठी उगाच कितीतरी जास्त ब्लॉक लिहावे लागतील आणि ते बिट चेहऱ्यावरून जातील. आणि दर काही सेकंदांनी बदलतात म्हणताय ते बहुतेक की-फ्रेममुळे, तिथे पडदा पहिल्यापासून नव्याने एन्कोड होतो आणि ठिगळं वेगळ्या जागी पडतात.

हे करून बघा: एन्कोडर एच.२६५ १०-बिट (छटा जास्त बारीक पायऱ्यांत मोजणारा) निवडा, सोर्स ८-बिट असला तरी, अंधारातले उतार खूप सुधारतात. ॲडव्हान्स्ड ऑप्शनच्या रकान्यात एक्यू-मोड=३ टाका, तो मोड अंधाऱ्या भागाला जास्त बिट देण्यासाठीच आहे. सीआरएफ (दर्जाचा आकडा, कमी म्हणजे चांगला) एक-दोनने खाली आणा. आणि कॅमेऱ्याचा आयएसओ चढवलेला असेल तर पडद्यावर नॉइज (हलणारे दाणे) असणार, हलका डीनॉइज लावा, जोरात नको, चेहरे मेणासारखे होतात.

वेज_मोड
वस्तू ओळखून तुकडे पाडायचा प्रयत्न खरंच झालेला आहे हे इथे सांगायलाच हवं. १९९९ च्या एमपेग-४ या व्हिडिओ-पद्धतीत माणूस वेगळा, पार्श्वभूमी वेगळी, प्रत्येकाचा वेडावाकडा आकार सकट साठवायची सोय होती. पण फारसं कोणी वापरलं नाही, कारण साध्या शूटिंगमधून माणूस कापून वेगळा काढणंच तेव्हा अवघड, आणि ती कडा लिहायलाही बिट लागतातच. लोक चौकोनांकडेच परत आले. पण चौकोन हळूहळू सैल होत गेलेत, एव्ही१ (२०१८) या नव्या पद्धतीत १२८ चा सुपरब्लॉक (तिथला सगळ्यात मोठा चौकोन) आणि दहा प्रकारे तोडायची मुभा, एचइव्हीसीनंतरच्या व्हीव्हीसीत (२०२०) तर दोन किंवा तीन भाग, उभे-आडवे, तीन केले तर १:२:१ असे, आणि त्यावर ६४ प्रकारच्या तिरक्या रेषा. तुमचा नट हात पसरून पडद्यासमोरून चालला तर हाताची तिरकी कडा एचइव्हीसीला पायऱ्या-पायऱ्यांचे बारीक चौकोन पाडून धरावी लागते, व्हीव्हीसी ती एका रेषेत कापू शकतं. मला स्वतःला ही त्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. अर्थात एवढे पर्याय तपासायचे म्हणजे एन्कोडला वेळही तसाच लागतो, घरच्या कामाला सध्या एक्स२६५ च ठीक.

रंगमंच_कॅमेरा
ताई, खूप आभार. एका अंधाऱ्या प्रवेशावर १०-बिट आणि एक्यू-मोड ३ लावून बघितलं, फाइल थोडी वाढली पण ठिगळांचं उड्या मारणं जवळपास गेलं. सीटीयू ६४ च ठेवलाय. आता उत्सुकता वाटतेय, हे तुकडे डोळ्यांनी बघायची काही सोय आहे का?

लॅम्डा_४२
यूव्ह्यू नावाचं सॉफ्टवेअर आहे, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठात तयार झालेलं, फुकट आणि ओपन सोर्स. एमकेव्ही फाइलमधून नुसती एचइव्हीसी स्ट्रीम वेगळी काढा, ती त्यात उघडा, डिकोडर (व्हिडिओ उलगडणारा भाग) लिबडीई२६५ ठेवा आणि स्टॅटिस्टिक्समध्ये ब्लॉकच्या रेषा चालू करा. आधी की-फ्रेम बघा आणि मग तिच्या लगेच पुढची. नट गप्प उभा आहे असा क्षण निवडलात तर पुढच्या फ्रेममध्ये बारीक तुकडे त्याच्या ओठांपाशी आणि डोळ्यांपाशीच उरलेले दिसतील.