वॉर्निशच्या आधी दाराची खालची कड पाहावी
दरवर्षी पावसाळ्यापूर्वी बाहेरच्या दाराला वॉर्निशचा एक हात दिला की काम भागते, हे मत मला अर्धेच पटते. जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पश्चिमेकडच्या दारावर ऊन थेट मावळतीपर्यंत असते. त्यातील अतिनील किरणांमुळे लाकडाचे तंतू बांधून ठेवणारे लिग्निन वरच्या थरातून नष्ट होते, त्यामुळे करड्या पडलेल्या लाकडावर न घासता दिलेला हात लवकरच पापुद्र्यांनी सुटतो. काचपेपरने घासून खालचे ताजे लाकूड दिसल्याखेरीज डबा उघडूच नये.

या मतात न आलेली गोष्ट म्हणजे फळ्यांची कापलेली तोंडे, म्हणजे जिथे लाकडाचे तंतू आडवे कापले जातात ती टोके. लाकूड फळीच्या सपाट बाजूपेक्षा तोंडातून कितीतरी वेगाने पाणी ओढते. आमच्या सागवानी दाराची दर्शनी बाजू चकचकीत होती. परंतु ते बिजागऱ्यांतून उतरवले तेव्हा खालची कड पूर्ण कोरी निघाली आणि उभ्या पट्टीच्या तोंडात पेचकस अर्धा इंच सहज आत गेला. सुताराने कुजका भाग कापून नवा तुकडा बसवला आणि लाकूड तेल पिणे थांबवेपर्यंत, म्हणजे चार वेळा, ती तोंडे जवसाच्या तेलाने भिजवली. (तेलाची फडकी बोळा करून ठेवू नयेत; वाळताना ती तापून आपोआप पेटू शकतात. आम्ही ती अंगणातल्या दोरीवर एकेक मोकळी पसरली होती.)