मदत हवी आहे: भाचीला उत्तर देताना कोणता इमोजी वापरू?

नमस्कार. मी साताऱ्याची, वय 58. माझी भाची पुण्याला नोकरी करते. गेल्या आठवड्यात तिनं मेसेज करून कळवलं, की तिच्याबरोबर राहणारी मुलगी नुसती रूममेट नाही, दोघी जोडीदार आहेत. घरात सगळ्यांत आधी मला सांगितलं. वाचून थोडा वेळ गप्प बसले, मग भरून आलं. पोरीनं विश्वास टाकला.

मेसेजच्या शेवटी मला एक बाई, लाल बदाम आणि दुसरी बाई अशी तीन सुटी चित्रं दिसली. मी लिहिलं, "दोघी या, कासची फुलं बघायला जाऊ," आणि हात धरलेल्या मुलींचा 👭 टाकला. तिचं उत्तर आलं, "येतो आत्या! पण तो मैत्रिणींचा वाटतो गं." रागावली नव्हती, तरी मला ते लागून राहिलंय.

माझं चुकलं का? जोडप्यासाठी नेमका कोणता वापरायचा? आणि तिच्या वाढदिवसाला तो घरच्या ग्रुपवर टाकला तर चालेल का? तिथं माझे भाऊ-वहिनी, काका, सगळेच आहेत.

प्रतिसाद, सांगलीहून

ताई, मी डीटीपीचं काम करतो, म्हणून तेवढंच सांगतो. ते एकच चित्र होतं. बाई, बदाम, बाई यांना झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं जोडचिन्ह बांधून ठेवतं. आपल्या मराठीतही तेच चिन्ह लागतं. 'सातार्‍यात' टाइप करताना ते गळालं, तर 'सातार्यात' असा रफार डोक्यावर चढतो. या चित्रात दोघींच्या त्वचेचा रंग वेगवेगळा निवडायची सोय 2020 मध्ये मंजूर झाली. फोन त्याआधीचा असेल आणि अपडेट झाला नसेल, तर वेगळ्या रंगांच्या चित्रातली जोडणी त्याला कळत नाही आणि तिघं सुटतात.

धागाकर्ती

फोन 2018 चा, मुलानं वापरलेला. आणि दोघींचे रंग वेगळे होते खरे!

प्रतिसाद, कराडहून

ताई, मी आणि माझी जोडीदार सहा वर्षं एकत्र आहोत. 👭 चुकीचा नाही. तो 2010 साली युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवरच्या अक्षरांच्या आणि इमोजींच्या सामाईक यादीत आला, आणि त्याचं नाव फक्त 'हात धरलेल्या दोन स्त्रिया' एवढंच. नातं कोणतं ते तो सांगत नाही, म्हणून शाळेतल्या मैत्रिणीही तोच टाकतात. बदामवाला 👩‍❤️‍👩 जोडप्याचाच समजला जातो. 2019 पासून 🧑‍🤝‍🧑 हाही आहे. त्यातली माणसं बाई की पुरुष हे ठरवलेलं नाही, त्यामुळे स्वतःला दोन्हींपैकी काही न म्हणवणाऱ्यांना तो जवळचा वाटतो. तुमच्या भाचीनं स्वतः जो निवडला, तोच तिला परत पाठवा.

ग्रुपवर मात्र कृपा करून टाकू नका. तुम्हालाच आधी सांगितलं म्हणता, म्हणजे आईवडिलांना बहुधा अजून माहीत नाही. सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये आमच्यासारख्यांचं प्रेम कलम 377 च्या गुन्ह्यातून बाहेर काढलं, पण 2023 मध्ये लग्नाला मान्यता दिली नाही. घरच्यांनी पाठ फिरवली, तर जोडीदार म्हणून दाखवायला हातात कागद नसतो. कुणाला कधी सांगायचं, ते तिलाच ठरवू द्या.

धागाकर्ती

ग्रुपचा हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. काल तिला फोन करून सरळ विचारलं. म्हणाली, "ग्रुपवर दरवर्षीसारखा केक टाक, तो दुसरा फक्त आम्हाला." माझ्या फोनमध्ये पिवळ्या रंगाचा 👩‍❤️‍👩 आहे, तो लगेच पाठवला. तिकडे जुळलेला दिसला. रविवारी दोघी येतायत.