आजेसासूबाईंच्या इरकल लुगड्याचा तीन वर्षांच्या मुलीसाठी फ्रॉक

प्रश्न : औशाची सून

नमस्कार. आमच्या आजेसासूबाईंनी त्यांचे एक जुने इरकल नऊवारी लुगडे माझ्या तीन वर्षांच्या मुलीसाठी काढून दिले आहे, आणि येत्या वेळा अमावास्येला, म्हणजे आमच्या बोलीत येळवशीला, शेतात जाताना लेकीने त्याचाच फ्रॉक घालावा अशी त्यांची इच्छा आहे. लुगड्याला थेट कात्री लावण्याचे धाडस झाले नाही, म्हणून आधी जुन्या चादरीचा नमुना शिवून पाहिला, आणि तो दोन ठिकाणी फसला. मानेचा घेर १० इंच भरला, म्हणून गळा १२ इंचांचा कापला. तो डोक्यातून उतरेचना आणि कपाळावर अडकून लेक रडू लागली. दुसरे म्हणजे, काखेत घट्ट होऊ नये म्हणून मुंढा, म्हणजे बाहीच्या जागेची खोली, चांगला साडेसहा इंच घेतला, तरीही तिने हात वर केला की संपूर्ण फ्रॉक वर चढतो. छाती २२ इंच आहे आणि फ्रॉकची उंची २१ इंच हवी आहे. शिवाय हा फ्रॉक पुढच्या वर्षीही तिला यावा, पण खाली काठ ठेवायचा असल्यामुळे दुमडून माया, म्हणजे पुढे उसवून वापरता येईल असे जादा कापड, कोठे सोडावी, हे मला कळत नाही.

उत्तर : परभणीची शिवणकाम करणारी

ताई, गळा मानेच्या मापाने कापायचा असला, तरी उतरायचा डोक्यातून असतो. या वयाच्या मुलीच्या डोक्याचा घेर साधारण साडेएकोणीस इंच भरतो, तेव्हा १२ इंचांच्या गळ्यातून ते जाणे शक्यच नव्हते. मात्र म्हणून गळा मोठा करू नका, तो खांद्यावरून घसरेल. पाठीमागे मधोमध ५ इंचांची चीर द्या. चिरेच्या दोन्ही कडा धरून १० इंच वाढतात, म्हणजे उघडा गळा २२ इंचांचा होतो आणि बंद केल्यावर पुन्हा १२ इंचांवर येतो.

मुंढ्याच्या बाबतीत आपण जो उपाय केला, तोच दोष ठरला आहे. मुंढा जितका खोल, तितकी काखेची शिवण खाली जाते आणि हात उचलताच ती अंगाचे सगळे कापड आपल्याबरोबर वर ओढते. २२ इंच छातीला ५ इंच मुंढा पुरे आहे. घट्टपणा वाटला, तर तो गोलाईत शिवणीच्या कडेला बारीक कातर न दिल्यामुळे असतो. छातीला चार इंच सैलपणा धरून वरचा भाग एकूण २६ इंच ठेवा आणि खालच्या घेरासाठी त्याच्या दुप्पट, म्हणजे ५२ इंच कापड घेऊन चुण्या पाडा. नऊवारीत लांबीची चिंता नाही. काठाच्या कडेने हवे तेवढे मिळते.

वाढीव मायेचे उत्तर काठाच्या वर आहे. काठापासून दोन बोटे वर, आतल्या अंगाने एक इंचाची आडवी दुमड घालून तिच्यावर मोठ्या टाक्याची टीप मारा. एक इंचाची दुमड दोन इंच कापड खाते, हे कापतानाच लक्षात ठेवा. नाहीतर फ्रॉक आखूड होईल. पुढच्या वर्षी टीप उसवली, की दोन इंच उंची मिळेल. काखेखालच्या बाजूच्या शिवणींतही प्रत्येकी एक इंच माया सोडा आणि ती कापून टाकण्याचा मोह आवरा.

उत्तर : जालन्याहून

कापण्यापूर्वी लुगडे उजेडासमोर धरून पाहावे. काष्ट्याकडचा आणि बसण्यात येणारा भाग विरलेला असतो. तेथे उजेड जाळीसारखा दिसतो. तो भाग वरच्या कापणीत घेतल्यास पहिल्याच आठवड्यात काखेत फाटेल. टोपपदर रेशमी आणि अंग सुती असल्यास त्यांचा जोड खांद्यावर येऊ देऊ नये. तसाही तो पदर न कापता ठेवावा, असे माझे मत आहे.

अस्तराविषयी एक अनुभव सांगते. माझ्या भाचीच्या झबल्यासाठी मी नवी मलमल आणून तशीच शिवली. जुने लुगडे शेकडो वेळा धुऊन जेवढे आटायचे तेवढे आटलेले होते, मलमल मात्र पहिल्या धुण्यात आटली आणि झबल्याची खालची कड आत ओढली जाऊन फुगा झाला. अस्तर रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच बेतावे. पायमशीनला बहुधा १६ नंबरची सुई लावलेली असते. विरत चाललेल्या सुतासाठी ती बदलून ११ नंबरची घ्यावी, नाहीतर टीपेच्या बाजूने भोकांची रांग उठते. मागच्या चिरेला बटणाऐवजी नाडी लावली, तर काजे करण्याचा त्रास वाचेल.

उत्तर : परभणीची शिवणकाम करणारी

नाडीशी मी सहमत नाही. मूल शेतात धावणार, धाटांत, बाभळीत अडकणार, आणि ओढ थेट गळ्यावर बसणार. युरोपात सात वर्षांखालील मुलांच्या कपड्यांना गळ्याशी नाडी ठेवण्याला मानकांतच मनाई आहे. एकच चपटे बटण मागे लावा. ते दुहेरी दोऱ्याने आणि खाली कापडाचा छोटा तुकडा ठेवून पक्के करा, म्हणजे निघून तोंडात जाणार नाही.

प्रश्नकर्ती : औशाची सून

दोघींचेही आभार. चादरीच्याच उरलेल्या तुकड्यावर ५ इंचांची चीर आणि ५ इंचांचा मुंढा घेऊन पाहिला. डोके विनासायास गेले आणि हात वर केल्यावर कड जेमतेम बोटभर हलली. नाडीचा बेत सोडून दिला आहे. लुगडे खिडकीत धरले, तेव्हा काष्ट्याच्या बाजूचा दोन हात भाग खरोखरच जाळीदार दिसला. तो बाजूला ठेवला आहे. पदर कापणार नाही, असे सांगितल्यावर आजेसासूबाईंनी परवानगी दिली खरी, पण कात्री चालेल तेव्हा आपण समोर बसणार, ही अट घातली आहे. त्यांची दुपारची झोप झाल्यावर, रविवारी चार वाजता बेतायला घेणार आहे.