कॉन्ट्रास्ट वाढवला की हिरवा का भडकतो

फोटो एडिट करताना कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेड-अंधारातला फरक, सरसकट +४० वर नेला की लँडस्केप उठून दिसतं, असा एक सल्ला दिला जातो. भर दुपारी, स्वच्छ हवेत काढलेल्या फोटोला ते चालूनही जाईल. आपल्याकडच्या पावसाळी फोटोंना मात्र अजिबात नाही. पन्हाळ्यावरून लांब बघताना डोंगररांगा एकामागे एक फिकट होत जातात, त्या फिकटपणामुळेच तर फोटोला खोली येते. कॉन्ट्रास्टचा स्लायडर ओढला की पुढची झाडी काळीठिक्कर पडते आणि मागच्या रांगा आभाळात विरघळतात.

शिवाय रंगाचाही मुद्दा आहे. फोटोशॉपमध्ये कर्व्हला (उजेड-अंधार बदलणाऱ्या रेघेला) एस आकार दिला, म्हणजेच कॉन्ट्रास्ट वाढवला, की लाल, हिरवा, निळा हे तिन्ही चॅनल वेगवेगळे ताणले जातात. गवतात हिरवा आधीच वरचढ असतो, तो आणखी वर जातो, निळा खाली दबतो आणि ओल्या दगडावरचं शेवाळ थेट पोपटी दिसायला लागतं. मग लोक सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) कमी करत बसतात आणि मातीचा तांबडेपणाही घालवतात! त्यापेक्षा कर्व्हचा वेगळा अ‍ॅडजस्टमेंट लेयर (मूळ फोटो न बदलता त्यावर बसणारा थर) घ्या आणि त्याचा ब्लेंड मोड (तो थर खालच्या फोटोत कसा मिसळेल ते) ‘ल्युमिनॉसिटी’ करा. उजेड-अंधार बदलतो, रंग बऱ्यापैकी जागच्या जागी राहतो. त्याच लेयरच्या मास्कवर (तिथे काळं केलेल्या भागाला बदल लागत नाही) मागच्या रांगा मऊ काळ्या ब्रशने झाकल्या की धुकंही शाबूत राहतं. मी तरी पावसातल्या फोटोंना डीहेझला (धुकं कमी करणाऱ्या स्लायडरला) हातच लावत नाही.